नकाशा दुरुस्ती मंडळ

३ जुलै
मंजुरी मिळाली! मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. 'शाळेचे जुने नकाशे मुलींकडून दुरुस्त करून घेणे. वेळ – खेळाचा तास.' म्हणाले, "बाई, ग्रंथालयातून इतका चांगला प्रस्ताव पहिल्यांदाच आला." मी मान खाली घातली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

खरं काम वेगळंच. पाळीत जिचं पोट दुखतंय तिनं माझी चिठ्ठी दाखवून खेळाच्या तासाला निसटायचं, नकाशांच्या कपाटामागे सतरंजीवर आडवं व्हायचं, पोटावर गरम पाण्याची पिशवी घ्यायची. किटली ज्ञानकोशाच्या खंडांमागे ठेवलीय. तिथं पंधरा वर्षांत कुणाचा हात गेलेला नाही.

हा सगळा खटाटोप शिट्टीबाईंमुळे. खेळाच्या शिक्षिका. कुणाचीही गय नाही. "पोट दुखतंय? दोन फेऱ्या मार, थांबेल." परवा आठवीतली एक पोर मैदानाच्या कडेला ओकली, तर म्हणाल्या, "झालं मोकळं? चल."

९ जुलै
ह्यांची कंबर धरली. शेकायची पिशवी शोधताहेत. मीही शोधू लागले. ह्यांना पलंगाखालीसुद्धा बघायला लावलं.

२२ जुलै
आज चौघी. एकीला झोपण्यापेक्षा चालून बरं वाटतं – तिला कपाटांमधून येरझाऱ्या घालायला लावल्या. एक गुडघे पोटाशी घेऊन पडली. एकीला नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. गोळी मी देत नाही, ते घरच्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. एक वही मात्र ठेवलीय – तारीख, मुलगी, आणि किती दुखतंय याऐवजी नकाशा किती फाटलाय : थोडा, बराच, की चिंध्या. कुणाच्या हाती लागलीच तर पंचाईत नको.

चौथी म्हणजे फुटपट्टी. नववीतली, उंच, सडसडीत – आणि शिट्टीबाईंची सख्खी मुलगी! चिठ्ठी आईच्याच हातात देऊन आईच्याच तासाला सटकली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "चिंध्या," म्हणाली. "आईला सांगू नका हं." मी कशाला सांगतेय.

५ ऑगस्ट
शिट्टीबाई आत डोकावल्या.
"ग्रंथालयात किटली?"
"डिंक पातळ करायला."
"आणि सतरंजी?"
"नकाशे केवढाले असतात!"
गेल्या. इतकं सराईतपणे खोटं मी शाळकरी असतानाही बोलले नव्हते.

१९ ऑगस्ट
फजिती. शुक्रवारी मुख्याध्यापकांना दुरुस्त झालेले नकाशे बघायचेत. एकही केलेला नाही. त्याहून वाईट म्हणजे कपाट उघडलं तर सगळे नकाशे धडधाकट.

२१ ऑगस्ट
दोन दिवस पोरी नकाशे फाडून परत चिकटवत होत्या. घाईत एकीनं एक बेट भलत्याच समुद्रात डकवलं. मुख्याध्यापकांचं बोट नेमकं तिथं थांबलं. "जोड दिसतसुद्धा नाही," म्हणाले. भारावून गेले होते बिचारे.

फुटपट्टी तेवढी सतरंजीवरच होती. सलग चौथा दिवस.

१८ सप्टेंबर
आज हसण्यासारखं काही नाही. फुटपट्टी घामानं भिजली होती. पिशवीचा काही उपयोग होईना. उठायला गेली आणि कपाट धरून खाली बसली.

वही चाळली. जुलैत दोन दिवस. ऑगस्टमध्ये चार. या महिन्यात आजचा पाचवा. सगळीकडे चिंध्या, माझ्याच अक्षरात. बाकीच्या मुली तासाभरानं उठून खिदळत जातात. ही उठत नाही. मी लिहीत गेले, वाचलं कधी नाही. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूष होते! तिचं दुखणं इतकं छान लपवलं की ज्यांनी बघायला हवं त्यांना ते दिसलंच नाही. लाज वाटली.

"आईला सांगायला हवं," म्हटलं. तिनं माझा हात गच्च धरला. "ती म्हणेल नाटक आहे." मग म्हणाली, "तुम्ही सांगाल?"

१९ सप्टेंबर
शिट्टीबाईंना सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, किटली, मंडळ. वही पुढे ठेवली. त्या उभ्यानंच पानं उलटत राहिल्या. "सगळ्यांनाच होतं. आम्ही नाही का पळालो," म्हणाल्या, पण रोजचा मैदानावरचा आवाज नव्हता तो. वही घेऊन गेल्या. आता थेट मुख्याध्यापकांकडे, आणि माझी नोकरी गेली.

जाता जाता ह्यांनाही पिशवीचं सांगून टाकलं. "त्या कमरेनं मला पलंगाखाली वाकवलंस?" अजून बोलत नाहीयेत.

२३ सप्टेंबर
मुख्याध्यापकांकडून बोलावणं नाही.

फुटपट्टी येऊन गेली. मायलेकी डॉक्टरकडे जाऊन आल्या. शाळा बुडण्याइतकं दुखतं ते सोसायचं नसतं, तपासायचं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सोनोग्राफी सांगितलीय, औषध सुरू झालंय. वही त्यांनी पानन् पान वाचली. "चिंध्या म्हणजे काय, ते आईनंच सांगितलं त्यांना," फुटपट्टी म्हणाली. "पण घरात आणखी कुणाला असं होतं का विचारलं, तर आई नुसती छताकडे बघत बसली."

६ ऑक्टोबर
खेळाचा तास. शिट्टीबाई आल्या. एकट्या. वही परत दिली, गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "किटली गरम आहे का?"

भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर आडव्या झाल्या. पिशवी दिली, वही उघडली, विचारलं, "किती?"

"चिंध्या," म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं झाली."