मनगट डावं की उजवं

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी अशी, की मी स्पर्धा खेळणं सोडलं. अकरा वर्षं गावोगावच्या मैदानांवर गोल्फ खेळलो, आता एका क्लबात शिकवायची नोकरी धरली आहे. सकाळी सभासदांना शिकवायचं, दुपारी दुकानात काठ्यांच्या झिजलेल्या मुठी काढून नव्या बसवायच्या, शनिवारच्या सामन्यांची यादी फळ्यावर लावायची. दुकानामागची खोली मला दिली आहे. उशीलासुद्धा रबराचा वास येतो.

कारण सांगतो, हसू नकोस. लांबचे फटके अजून सरळ जातात, पण होल तीन फुटांवर आला की हात आपोआप झटका देतो. शेवटच्या स्पर्धेत तेवढ्या अंतरावरून मला चार फटके लागले. बघणाऱ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या, ते जास्त लागलं.

बाबांना कळवू नकोस. त्यांच्या घड्याळाच्या दुकानात बसायचं सोडून मी निघालो, तेव्हा ते फक्त ‘बघ बुवा’ म्हणाले होते. आता कुठल्या तोंडाने सांगू? विचारलंच तर मनगट दुखावलंय म्हण.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तोंड बंद ठेव.

तुझा,
लांबू

२० मार्च

चि. लांबूस,
अ. उ. आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालास म्हणून एकदाच हसले. मला पत्ते शिकवताना निम्म्यात डाव उधळणारा तू, आता लोकांना शिकवणार! त्या सभासदांची मला काळजी वाटते.

दिवसभर शाळेत पोरांच्या थापा पकडणारी मी, आणि मलाच तू थाप मारायला लावलीस. बाबांनी सकाळी विचारलं, कुठलं मनगट? मी म्हटलं, डावं. जेवताना पुन्हा विचारलं, तर माझ्या तोंडून उजवं निघालं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी मनगटाला बांधायचे दोन पट्टे घेऊन आले, एक डावा, एक उजवा. सोबत पाठवत आहे.

यापुढे मी खोटं बोलणार नाही. तूच त्यांना लिही. आणि चार फटके लागले म्हणून काय झालं? मला तो चेंडू हातात धरून होलात टाकायला सांगितला तरी बाहेर पडेल.

माया आहेच, पण पत्र आलं नाही तर कमी करीन.

ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टे मिळाले. दोन्ही बांधून बघितले, पहिलवान दिसतो.

इथे दातांच्या एक डॉक्टरीणबाई येतात, त्या काठी अशी ओढतात की जणू दाढच उपटताहेत. एक निवृत्त हेडमास्तर चेंडूला आधी रागावतात, मग मारतात. मी डाव उधळत नाही, ताई. बदललोय.

गेल्या शनिवारी मात्र पंचाईत झाली. नव्या शिक्षकाने सगळ्या सभासदांसमोर एक सामना खेळायचा, अशी इथली पद्धत. शेवटच्या होलला चेंडू बरोबर तीन फुटांवर थांबला. पळून जावंसं वाटलं. हात उडाला, चेंडू बाजूने निघून गेला. मग मीच मोठ्याने म्हणालो, की याच रोगापायी मी स्पर्धा सोडल्या.

सोमवारी दार उघडतो तो डॉक्टरीणबाई हजर. म्हणाल्या, माझाही हात असाच उडतो, लाजेपोटी कोणाला सांगत नव्हते. त्यांच्यामागे आणखी सहा जण. आता आम्ही रोज सकाळी तासभर फक्त जवळचे फटके मारतो. माझा हात अजून उडतो, पण दुसऱ्याचा कुठे अडतो ते मला लगेच दिसतं. हेडमास्तरांचा चेंडू काल सलग पाच वेळा होलात गेला, तेव्हा त्यांच्यापेक्षा जास्त मीच ओरडलो.

त्या सोमवारीच बाबांना खरं ते सगळं लिहिलं. उत्तराची भीती वाटते. ते काही बोलले का?

तुझ्या टोमण्यांची वाट पाहणारा,
लांबू

२ मे

चि. लांबूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन दिवस रागावलो होतो. राग खेळ सोडल्याचा नव्हता, मला थाप मारल्याचा होता. तुझी बहीण भांडी घासताना पाठ फिरवून हसत होती, तेही मी पाहिलं.

तू गेलास तेव्हापासून मी दुकानात आधी खेळाचं पान उघडतो. तुझं नाव बहुतेक तळाशी, बारीक अक्षरात असायचं. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं की सापडायचं. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा कामात गुंग आहे. हे तुला कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

तुझ्या क्लबात फोन करून बारा तारखेची सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. फोनवरच्या बाईंनी विचारलं, याआधी खेळला आहात का? मी म्हटलं, अकरा वर्षं, वर्तमानपत्रात.

लोकांसमोर मला बाबा म्हणू नकोस. वशिल्याने आलो असं वाटेल.

येतोच आहे, बाकी समक्ष.

तुझा,
साडेनऊचा विद्यार्थी