आधी आपण

४ मेहर
मेहर महिना लाभला, नोकरी लागली! आमच्या मासिकावर बंदी आल्यापासून बायको, शहीन, मला 'घरातले साहित्यिक' म्हणत होती, शिवी म्हणूनच. आता मी तेहरानच्या सरकारी कचेरीत 'भाषा-संपादक'. पकडलेल्या सुधारणावाल्यांचे कबुलीजबाब टीव्हीसाठी सुबक करायचे. साहेब, आगा मोसय्यबी, गुलाबपाण्यात बुडवून काढल्यासारखे. बोलणं असं की, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो, उस्ताद! प्रत्येक दारापाशी आमचं "आधी आपण", "छे, आधी आपण" चालतं. केशरी खीर आली, वर दालचिनीनं देवाचं नाव. दोन वाट्या खाल्ल्या. नावासकट.

११ मेहर
एका प्राध्यापिकेचा पश्चात्ताप फारच शुद्ध निघाला. साहेब म्हणाले, रडणारी बाई असं बोलते होय? तीन ठिकाणी अडखळणं घातलं. किळस आली. मग चहा आला.

१९ मेहर
टीव्हीवर ती नेमकी माझ्या तिन्ही जागी अडखळली. दिव्यांच्या उकाड्यात हातमोजे घातलेले. शहीननं विचारलं, हे लिहिणारा नीच कोण असेल हो? म्हटलं, असेल कुणी पोटार्थी.

२ आबान
आज फरामर्जचा कागद. माझा जुना जोडीदार, मासिक दोघांचंच. शेवटी, 'मला या मार्गाला लावणारा' आणि पुढे रिकामी जागा. सतरा दिवस झाले, तो नाव देत नाही. साहेब हसून म्हणाले, तुमचे स्नेही, तुम्हीच सुचवा. मी एका मेलेल्या कवीचं घातलं. ते म्हणाले, उस्ताद, मेलेल्याला कसं रडवू?

३ आबान
पान उलटताना बोट जिभेला लावायची माझी सवय. फरामर्जच्या कागदाच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग. खिरीतली दालचिनी समजलो. चव लोखंडाची—
तीनदा चूळ भरली. जात नाही.

४ आबान
जागा रिकामीच ठेवून कागद परत दिला. खीर नाही.

५ आबान
टेबलावर नवा कबुलीजबाब. खाली माझं नाव. अडखळायच्या जागा आखलेल्या— चांगल्या आखल्यात. पलीकडच्या टेबलावर नवा माणूस, खीर खातोय. मान वर करत नाही.

साहेब तळघराच्या दारात. म्हणाले, रोजनिशी पुरी करा, घाई नाही. म्हणजे वहीचं त्यांना—

आधी आपण, उस्ताद, म्हणाले. मी म्हटलं, छे, आधी आपण. या वेळी ते उलटून 'आधी आपण' म्हणत नाहीत. नुसतं दार धरून—

तोंडात अजून ती च