भिंतीत ठेवलेली वाट

नाना, रविवारी स्टेशनात शिरताना तुमची फार आठवण झाली. भिंतीतल्या वाटेने बाया वर येत होत्या. कट्ट्यावर काकड्या, पडवळं, अळूच्या जुड्या, आणि हसणं तर विचारूच नका. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी वाटलं, हाक मारून दाखवावं.

तेव्हा कोकणातून रेल्वे नुकतीच धावू लागली होती. स्टेशनासमोरच्या माळावर दुकानं, हॉटेल, रिक्षातळ असा आराखडा आपल्या ऑफिसकडे आला. तुम्ही हेड ड्राफ्ट्समन, मी नवशिकी. मी झोकात चारी बाजूंनी कुंपणाची भिंत ओढली. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून विचारलंत, "पाखाडी कुठे गेली?" खालच्या वाडीतून येणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट मी रिकामी जागा समजून बुजवली होती. "ही भिंत आधी चालून ये. चहा मग."

आणि मी चालते आहे. इस्त्रीचा ड्रेस, डोक्यावर चुंबळ, वर भोपळ्यांची पाटी. तुमच्या सांगण्यावरून वाडीतल्या एका भाजीवालीने ती मोठ्या हौसेने चढवलेली. माझ्या कागदावरच्या भिंतीला वळसा घालून हमरस्त्याने स्टेशनात जायचं. मागून ती ओरडते, "अगो बाय, मान ताट ठेव! भोपल्यास घाय नाय, तू कशाला करतस?" मीही हसत सुटते. पोचतो तेव्हा गाडी गेलेली असते. ती पाटी उतरवून घेते आणि म्हणते, "भित घातलाव तर आमचा रोज असाच व्हयाचा."

दुपारभर मी ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची शाईची भिंत खरवडली. तुम्ही शेजारी बसून भुगा फुंकत होतात. वाट मोकळी केली. तिच्या तोंडाशी सावलीत कट्टा काढला, कुणाच्या मदतीशिवाय पाटी उतरवता येईल एवढ्या उंचीचा. इतका आनंद मला पहिल्या पगारानेही दिला नव्हता.

बैठकीत जागेचे मालक कडाडले, "दुकानांच्या तोंडावर हा बाजार कुणी मांडला?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही शांतपणे उठलात. "मी. बाया आल्या की माणसं थांबतील, माणसं थांबली की दुकानं चालतील." त्यांनी कुरकुरत मान डोलावली. उद्घाटनाला मात्र ते कौतुक करू लागले, तेव्हा तुम्ही मला पुढे ढकललंत, "हिने काढलंय." गुच्छ मी घेतला.

अजूनही कुणी विचारलं की मी सांगते, वाट मी ठेवली. हे पत्र टाकायचं नाही, म्हणून लिहिण्याचा धीर होतोय: त्या बैठकीत नोकरी जाईल या भीतीने मी तुम्हाला पुढे केलं होतं, नाना.