चौडम्माचा चुडा

माळेवाडी, ता. निलंगा
२५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मल्लेशअण्णास,
अंबिकाचे शरणु शरणार्थी.

इकडं आम्ही बरे आहोत. पावसानं सोयाबीन काळं पडलं, पण देऊळ माळावर म्हणून कोरडं राहिलं. वहिनीचे गुडघे कसे आहेत? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मधेच ठेवून देतोस. म्हणून लिहितेय.

घटस्थापनेला चौडम्माला हिरवा चुडा मीच चढवला.

तुझ्या कानावर आलंच असेल. सकाळी देवळाच्या दारात कमिटीचे शेषेराव आडवे उभे. म्हणाले, "ताई, तुमचे मालक संगप्पा जाऊन वरीस न्हाई झालं. चुडा सवाशिणीनं चढवायचा असतो."

मी म्हणलं, "आणि देवीला इथं कुणी आणलं, ठावं हाय का?"

अण्णा, आमच्या सासूबाईंचं कानडी गाणं तू कधी नीट ऐकलं नाहीस. त्यातल्या नीलम्माचा नवरा इकडं येताना वाटेत पटकीनं गेला. तिनं त्याला माती दिली, देवीचा दगडी तांदळा पाटीत घेतला आणि डोक्यावरून या माळावर आणला. पहिला चुडा तिनंच चढवला, स्वतःच्या रिकाम्या हातांनी. देवीची पूजा तिच्याच घराण्यात चालत आली, आणि मी त्या घरची सून.

जमलेल्या बायांतल्या साखराबाईनं तिथंच ते गाणं धरलं. म्हातारीचा आवाज फाटलेला, पण मागून साऱ्या बाया म्हणू लागल्या.

"गाण्याचं काय खरं?" शेषेराव म्हणाले.

"मग देवीचं तरी काय खरं? सरक बाजूला!" साखराबाई म्हणाली.

ते सरकले. पण सरकता सरकता बोलले, "तुमच्या भावानंच शब्द दिला व्हता, ताई पुढं येणार न्हाईत म्हणून."

हे लिहायचं टाळत होते.

तुझे दाजी गेले तेव्हा माझ्या बांगड्या फोडल्या, आणि तू मान खाली घातलीस. मी समजून घेतलं, तूही रडत होतास. हा शब्द मात्र तू कोरड्या डोळ्यांनी दिलास. मला न विचारता. तो मी मोडला. पुन्हा कुणी मागितला तर माझ्याकडं पाठव.

दसऱ्यानंतर कमिटी बैठक घेणार आहे म्हणे, पूजा आमच्याकडून काढायला. घेऊ दे. त्या दिवशी बाया देवळातच बसणार आहेत, आणि मी गाभाऱ्यात.

दसऱ्याला ये. वहिनीलाही आण. प्रसाद माझ्या हातून घ्यावा लागेल. जड वाटत असेल तर उदगीरलाच राहा, राग नाही.

तुझी धाकटी बहीण आणि
चौडम्माची पुजारीण,
अंबिका