बाकावर कुणी बसत नाही

मांजरी बुद्रुक,
११ मे, रविवार

वहिनींस सूरजचा नमस्कार.

पाकिटावर तुमच्या नावाच्या आधी काय लिहायचं ते बराच वेळ ठरेना. पूर्वी 'सौ.' लिहायचो. 'श्रीमती' लिहून पाहिलं, ते एखाद्या ऑफिसच्या नोटिशीसारखं दिसलं. शेवटी नुसतं नाव आणि तुमच्या वडिलांच्या क्वार्टरचा नंबर लिहिला. खडकीचा पिनकोड तपासून घेतला आहे, पत्र पोचायला हरकत नसावी.

इकडे सगळे ठीक आहेत. आप्पांचा गुडघा दुखतो, तरी रानात जातात. आपल्या बांधाला लागून नवी सोसायटी उभी राहिली आहे. संध्याकाळी लोक बाल्कनीत चहा घेत आपला ऊस बघत बसतात. आप्पा म्हणतात, यांच्याकडून तिकीट घेतलं पाहिजे. आईची साखर आटोक्यात आहे. तुमची चौकशी करते.

फोन केला असता, पण फोनवर मी 'हॅलो' म्हणतो आणि गप्प होतो. दहावीला दोनदा बसलो, आयटीआय अर्धी सोडली, पण लिहायला मला जमतं. दादा म्हणायचा, "सूर्या, तू नापास झाल्याचा अर्जसुद्धा शुद्ध लिहिशील."

थांब्याबद्दल लिहायचं आहे. दादा गेला तो थांबा.

तुम्ही माहेरी गेलात तेव्हा तिथं फक्त खांब आणि पाटी होती. रस्ता रुंद झाला तेव्हा जुनी शेड आणि लिंबाचं झाड दोन्ही गेली, हे तुम्हाला माहीत आहे. दादाच्या नंतर आप्पांनी ठरवलं की तिथं शेड झाली पाहिजे. एका ऑफिसात सांगितलं, रस्ता आमचा, थांबा आमचा नाही. दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, थांबा आमचा, पण शेड जाहिरातवाल्या ठेकेदाराकडे असतात, तोच बांधतो, तोच सांभाळतो. ठेकेदाराच्या माणसाने येऊन बघितलं आणि म्हणाला, इथं समोर मोठं होर्डिंग आहे, आमची जाहिरात कोण बघणार, परवडत नाही. आप्पा परत पहिल्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, मग मी बांधू का? तिथला साहेब चष्मा पुसत म्हणाला, "बांधा की. आम्ही पाहिलं नाही असं समजा."

म्हणून दिवाळीनंतर आम्ही बांधली. तात्यारावांच्या दुकानात, जिथं मी वेल्डिंग करतो, तिथंच सगळं काम केलं. दुकान थांब्याच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे सामान नेणं सोपं गेलं. चौकोनी पाइप, वर पत्रा, पाठीला भिंत आणि काळ्या ग्रॅनाइटचा बाक. बाकाच्या वर भिंतीत दादाचा फोटो असलेली टाइल बसवली. फोटो मी तुम्हाला मोबाईलवर पाठवला होता. तुम्ही हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं.

तो फोटो तुमच्या लग्नातला आहे. दुसरा चांगला मिळाला नाही. टाइलवाल्याने तुम्हाला कापून फक्त दादाला घेतलं, पण त्याच्या खांद्यावर तुमचा हात होता, त्यामुळे कोपऱ्यात हिरव्या चुड्याचा थोडा भाग आला आहे. पाठवलेल्या फोटोत ते दिसलं नसेल.

शेड झाली त्या दिवशी बायडाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. शेजारधर्म म्हणून केलं, त्यात वाईट काही नव्हतं. आई रोज सकाळी जाऊन बाक पुसायला लागली, टाइलला हार घालायला लागली, उदबत्ती लावायला लागली. नंतर येणारेजाणारे हात जोडायला लागले. नंतर कुणीतरी शेडच्या बाहेर चपला काढून आत गेलं. त्यानंतर सगळेच काढायला लागले.

बाकावर मात्र कुणी बसलं नाही. थंडीत वाटलं की लोक ऊन खायला बाहेर उभे राहत असतील. फेब्रुवारी संपला तेव्हा कळलं की तसं नाही. परगावची दोन कॉलेजची मुलं आली होती. एक बसायला गेला तर दुसऱ्याने त्याला ओढलं आणि म्हणाला, "अरे, समाधी आहे ती."

त्या बाकावर एक कुत्रं झोपतं. तेवढंच.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला वाचायचं नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

सकाळी त्या होर्डिंगची सावली रस्त्यावर पडते. फुटपाथवर पडत नाही, रस्त्यावर. झाड गेल्यापासून लोक त्या सावलीत उभे राहायचे. दादाही त्या दिवशी त्या सावलीतच उभा होता. डंपर वळणावरून आला. मी दुकानात होतो, ग्राइंडर चालू होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. लोक धावताना दिसले. पोलिसांच्या कागदात 'रस्त्याच्या मध्ये उभे होते' असं आहे. ते खरं आहे, पण ते का उभे होते ते त्यात नाही.

आणि आता शेड बांधूनसुद्धा लोक परत त्याच सावलीत उभे राहतात.

एप्रिलमध्ये आपल्या गल्लीतली आनंदी, सातवीतली, परीक्षेला निघाली होती. त्याच जागी उभी होती. टेम्पोचा आरसा तिच्या दप्तराला लागला आणि ती पडली. दोन्ही गुडघे सोलले, बाकी काही नाही. मी धावत जाऊन तिला उचललं आणि शेडकडे नेऊ लागलो तर ती बाहेरच अडून राहिली. मी म्हटलं, बस ना बाकावर. ती म्हणाली, "कशी बसू? तिथं तुमचे दादा आहेत ना."

मी तिला दुकानात नेऊन डब्यावर बसवलं.

घरी आलो आणि आईला सांगितलं की टाइल काढूया. आईने ऐकून घेतलं आणि उलट मलाच काम सांगितलं. कुत्रं झोपतं म्हणून शेडला पुढून जाळी आणि छोटं फाटक करायचं, कुलूप लावायचं, किल्ली तिच्याकडे. मी म्हटलं, आई, मग थांबा कुठं राहिला? आप्पा जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यात मध्यंतरी एका ऑफिसचा माणूस येऊन गेला. शेड बघून खूश झाला, फोटो काढला, म्हणाला छान ठेवलंय, असंच ठेवा. म्हणजे त्यांच्या कागदावर आता या थांब्याला शेड आहे. दुसरी कधी येणार नाही.

मी परत आईला म्हटलं. तेव्हा ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "तेजूला विचार. नवरा तिचा हाय. ती हो म्हणली तर काढ." आणि भांडी घासायला गेली. तुम्ही हो म्हणणार नाही अशी तिची खात्री आहे.

जाळीचं सामान कापून तयार आहे. मी जोडलेलं नाही. तात्याराव रोज विचारतात, हे दुकानात किती दिवस पडून राहणार? मी सांगतो, बिजागऱ्या यायच्या आहेत. बिजागऱ्या माझ्या खणात आहेत.

हे पत्र इथं संपवणार होतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्हाला विचारणं मला बरोबर वाटत नाही.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी तुम्ही त्या थांब्यावर उतरलात. मी समोरच होतो. तुमच्याबरोबर एक गृहस्थ होते, निळा शर्ट, हातात छत्री. तुम्ही टाइलकडे बघत उभ्या राहिलात. चपला काढल्या नाहीत. मग बाकावर बसलात. ते उभेच होते. तुम्ही त्यांना काहीतरी म्हणालात, मग तेही बसले, थोडं अंतर ठेवून.

मी वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला. ठिणगी नसताना त्या काचेतून काहीच दिसत नाही. मला ते बरं वाटलं. वर केला तेव्हा बस येऊन गेली होती आणि तुम्ही दोघं नव्हता. पण बाकावर बायडाबाईंची सून बसली होती, आणि औषधाची पिशवी घेतलेले एक म्हातारे बसले होते. तुम्हाला बसलेलं बघून ते बसले असणार. थोड्या वेळाने म्हाताऱ्यांनी मान वळवून टाइल पाहिली आणि घाईने उठून हात जोडले. सूनही उठली. पण तेवढा वेळ बसले होते.

ते गृहस्थ कोण हे मी विचारत नाही. घरी आला नाहीत याबद्दलही काही म्हणणं नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मला राग आला का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. आला नाही. काहीच आलं नाही. दादा गेल्यापासून मला बहुतेक वेळा काही येत नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

तुमच्याकडून एकच शब्द हवा आहे. 'काढा' किंवा 'राहू द्या'. तो मी आईला वाचून दाखवीन. तुम्ही 'राहू द्या' लिहिलंत तर मी जाळी जोडून देईन, आणि सकाळी दुकान लवकर उघडून लोकांना सावलीतून मागे हटवत जाईन. दुसरं काही मला सुचलेलं नाही.

खाडाखोड नको म्हणून हे पत्र पुन्हा उतरवून काढलं आहे. तुमच्या आईवडिलांना नमस्कार.

उत्तराची वाट बघणारा तुमचा दीर,
सूरज


मांजरी बुद्रुक,
१ जून, रविवार

वहिनींस सूरजचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मी एक शब्द मागितला होता, तुम्ही त्याखाली त्या गृहस्थांबद्दल आणखी चार ओळी लिहिल्यात. त्या आईला वाचून दाखवायच्या की नाही हे तुम्ही माझ्यावर सोडलं होतंत. मी दाखवल्या. लपवून ठेवलं असतं तर 'काढा' हा शब्दही मला नीट वाचता आला नसता.

आई चुलीपुढे होती. मी वाचत असताना भाकरी करपली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली. रात्री आप्पा तिला एवढंच म्हणाले, "पोरीचं वय काय आहे, बघ ना." आई म्हणाली, "मी काय म्हणले का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थांब्यावर गेली. हार नव्हता, उदबत्ती नव्हती. मी मागे मागे गेलो. तिने कुत्र्याला हुसकलं, पदराने बाक पुसला आणि चपलांसकट त्यावर बसली. दादाच्या फोटोकडे पाठ करून. लोक सावलीत रस्त्यावर उभे होते, ते बघत राहिले. आनंदी सुट्टीतल्या क्लासला निघाली होती. आईने तिला हाक मारली, "ए पोरी, ये इकडं. बस. रस्त्यात काय ठेवलंय?" आनंदी चपला काढायला वाकली तर आई म्हणाली, "राहू दे पायात. चटके बसतील."

ती बसली. मग आणखी दोघी बसल्या.

टाइल मी दुपारी काढली. छिन्नीने हळूहळू काढली, तरी एक कोपरा तुटला. चुडा होता तो. बाकीची टाइल घरात, देवघराच्या बाहेर ठेवली आहे. तुटलेला तुकडा आईने मागून घेतला. कुठं ठेवला ते मी विचारलं नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. जाळीचं सामान तात्यारावांनी दुसऱ्याच्या खिडकीला वापरलं.

आता बाक भरलेला असतो. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात कुणीतरी पानाची पिचकारी मारली. मला वाटलं आई रडेल. तिने बादलीभर पाणी ओतून धुतलं आणि म्हणाली, "आता झाला बघ थांबा."

फोटोच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे. परवा तो ठेकेदाराचा माणूस परत आला. आता इथं गर्दी थांबते असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाला, त्या चौकोनाच्या जागी एक जाहिरात लावू द्या, झाडलोट, रंग, दिवा, सगळं आमच्याकडे. आप्पांनी त्याला विचारलं की हे तुम्हाला तेव्हा का सुचलं नाही. तो हसला. आप्पा हसले नाहीत. मग म्हणाले, घरात विचारून सांगतो.

आई निवडत बसली होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "लावू दे. कुणीतरी सांभाळलं पाहिजे, आपण किती दिवस पुरणार? पण माणसाचा फोटो नको म्हणावं त्याच्यात."

मी तसं त्याला लिहून दिलं आहे.

आई तुमच्या लग्नाला येणार नाही. येईन असं मी पण कबूल करत नाही. पण तुम्हाला कधी या बाजूने जाताना इथं बस बदलावी लागली तर सावली आहे. त्यांनाही बसवा. दुकान समोरच आहे, मी मुखवटा खाली ओढणार नाही.

तुमच्या नव्या घरात हे नातं चालत असेल तर तुमचा दीर, नसेल तर नुसता,
सूरज