अफूला मुळ्याची पानं

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काकांच्या वनौषधींच्या पुस्तकासाठी मी चित्रं काढतेय, हे तुला ठाऊक आहेच. माझं नाव छापून येणारं हे पहिलंच काम. अफूचं चित्र मात्र नव्याने काढायचं नाही, असा काकांचा हुकूम आहे. दवाखान्यात औषधांच्या कपाटावर टांगलेलं तुझं चाळीस वर्षांपूर्वीचं चित्र जसंच्या तसं उतरवायचं, एक रेघही बदलायची नाही.

आत्या, फूल काय सुंदर काढलंयस! कळीतून नुकत्याच सुटलेल्या पाकळ्यांच्या चुण्यासुद्धा दिसतात. बोंड, आतली खसखस, सगळं चोख. पण पानं? अफूचं पान गुळगुळीत, निळसर, बिनदेठाचं, खोडाला कवटाळून बसलेलं. तुझ्या पानांना लांब देठ आणि खरखरीत लव. भिंग लावून तीनदा पाहिलं. ती मुळ्याची आहेत. उतरवावीत तर माझी पहिलीच सही चुकीच्या झाडाखाली, बदलावीत तर काकांपुढे तुझी अब्रू जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. लवकर कळव.

लोभ तुझ्या गुडघ्यांसारखा कुरकुरू नये, ही विनंती.

तुझी भाची

दि. ९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

डोळे तुझ्या बापावर गेले नाहीत हे बरं झालं. त्याला कोबी आणि गुलाब सारखाच.

ऐक. दादाला, म्हणजे तुझ्या काकांना, मोठ्या खटपटीने परवान्याचं एकच रोप मिळालं होतं. पाकळ्या दिवसभरात गळतात, म्हणून मी आधी फूल काढलं, मग बोंड. पानं काय, कुठे पळून जातात? म्हणून ती शेवटी ठेवली. एका सकाळी शेजारच्या बकरीने ती फस्त केली आणि अंगणात पेंगत बसली. दादाने तिला तपासून अपचनाचं चूर्ण दिलं! चित्र दुसऱ्या दिवशी हवं होतं, आणि परसात मुळे होते.

दादाने ते चौकटीत घातलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बहिणीचं कौतुक सांगू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. सगळ्यांना वाटतं संसारामुळे. तू पानं गुपचूप बदल. विचारलंच, तर मूळ कागदाला वाळवी लागली होती म्हण. हे पत्र फाडून टाक.

तुझ्यावर खरा लोभ असलेली, खोटारडी आत्या

दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भाचीला पत्र फाडायला सांगितलंस, तिने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाली, वाळवीचं कारण अगदीच पोरकट आहे.

अगं, जन्मभर पाला कुटणाऱ्या वैद्याला मुळा ओळखू येणार नाही? पहिल्याच दिवशी ओळखला आणि पोटभर हसलो. मग त्याचा उपयोग केला. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या चित्रासमोर उभं करतो. खोकला, अतिसार, झोप न येणं, अफूचे गुण घडाघडा म्हणतात, पानांकडे कोणी पाहत नाही. चाळीस वर्षांत दोघंच पास झाले. तुझी भाची तिसरी. पुस्तकातही हेच कोडं घालणार होतो, म्हणून एक रेघ बदलू देत नव्हतो.

पण त्यापायी तू ब्रश ठेवलास, हे मला माहीत नव्हतं. मी मजा करत राहिलो आणि तू शरमत राहिलीस. फार वाईट वाटलं गं. औषधी बागेत यंदा परवान्याची रोपं फुलली आहेत. छापखान्याला थांबायला सांगितलंय. पानं काढायला ये.

तुझ्या रागाला पात्र,
दादा

दि. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या चुकीवर चाळीस वर्षं शिष्य गाळलेस आणि मला पत्ता नाही! आधी रडले, मग इतकी हसले की तुझे मेहुणे पाण्याचा पेला घेऊन धावत आले.

बुधवारी येते. पुस्तकातलं चित्र बिनचूक होईल. फूल भाचीचं, पानं माझी, खाली दोघींच्या सह्या. कोड्यासाठी मी वेगळं चित्र काढीन. त्यात एकच चूक घालीन, कुठे ते तिलाही सांगणार नाही. ती तू छापण्याआधी शोधायचीस. नाही सापडली, तर नव्या शिष्यांच्या रांगेत उभं राहायचं, तेही सगळ्यांत मागे.

माया असू दे, परीक्षेत मात्र सवलत मिळणार नाही.

तुझी धाकटी