मेहुण्याची केबल

शनिवार, २ मार्च. दुपारी ४.३०
दवाखाना बंद झाल्यावर थांबून सातही कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. कुणाला न विचारता. नव्या इमारतीत जाईपर्यंत कशालाही हात लावू नका, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते खरे. पण पुढाकार म्हणून काही चीज असते. माझं पद नोंदणी क्लार्कचं असलं, तरी डोळ्यांच्या या दवाखान्यात कॉम्प्युटर कळणारा माणूस मी एकटाच.
माझ्या मशीनने बरेच प्रश्न विचारले. सगळ्यांना ‘यस’ म्हटलं. सिस्टीम नम्र आहे.

सोमवार, ४ मार्च
नेट स्लो. पेशंटचं नाव टाकलं की चाक फिरत बसतं. अकरा वाजेपर्यंत नऊ केसपेपर निघाले. ज्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते त्यांना घड्याळ दिसत नव्हतं, म्हणून ते शांत होते. बाकीचे नव्हते.
मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, शनिवारपासून काही बदललंय का? मी म्हटलं, तसं काही नाही. आणि मग तोंडातून निघून गेलं, की केबल खराब झाली असेल.
केबल माझ्या मेहुण्याने टाकलेली आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं नाव मीच सुचवलं होतं. नव्या इमारतीचं वायरिंगही त्यालाच द्यायचं जवळपास ठरलंय, शनिवारी निर्णय. त्या भरवशावर त्याने दोन माणसं कामावर ठेवलीत.
मी केबल म्हटलं. मेहुणा म्हटलं नाही. फरक आहे.

मंगळवार, ५ मार्च
मेहुणा आला. शिडीवर चढून नेटच्या पेटीतले दिवे बघत राहिला. खाली उतरल्यावर त्याने हळूच विचारलं, भावजी, तुमच्या मशीनवर काही मोठं चालू आहे का? मी म्हटलं, माझ्या मशीनवर फक्त काम चालू असतं. तो बरं म्हणाला. स्वभावाने गुणी आहे, पण निदान ही वेगळी विद्या आहे.
ती मी हाती घेतली. सातही मशीनवर दर दहा मिनिटांनी स्पीड टेस्ट. टेस्ट चालू असताना स्पीड आणखी पडतो, असं आढळलं. म्हणजे आजार गंभीर आहे.
संकल्प: रोज नोंदी ठेवणे. मेहुण्याशी गोड बोलणे. चहा दोनदाच.
(५.१५. चौथा चहा.)

बुधवार, ६ मार्च. सकाळी ९.४०
फोनवर आपोआप जुने फोटो दिसायला लागले! नऊ वर्षांचे, तेवीस हजार. घरच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून ऑफिसच्या मशीनवर ठेवले होते. नव्या सिस्टीमने ते फोनवर कसे आणले कोण जाणे. कौतुक आहे.

दुपारी १२.१५
कसे आणले ते कळलं.
शनिवारच्या त्या ‘यस’पैकी एक ‘यस’ हा होता. तेव्हापासून माझं मशीन फोटो इंटरनेटवर चढवत बसलंय आणि दवाखान्याची अख्खी लाइन त्यात जातेय. नऊ हजार झाले, चौदा हजार बाकी. सध्या आमच्या मुलीचा पहिला दात चाललाय, बारा बाजूंनी. बाहेर एक आजी मोतीबिंदूच्या रिपोर्टसाठी दोन तास बसल्यात. दातासाठी ताटकळताहेत बिचाऱ्या. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून खुर्ची फिरवून बसलो.
बंद करायला दहा सेकंद पुरतील. पण आत्ता बंद केलं आणि नेट धावायला लागलं, तर सगळे विचारणार, काय केलंत? त्यापेक्षा उद्या मेहुणा पदरमोड करून सगळी केबल बदलणार आहे, ती बदलून झाली की बंद करावं. श्रेय त्याला. स्वतःविषयी लिहू नये, पण हा मोठेपणा आहे.
खाई त्याला खवखवे म्हणतात. मला फक्त ॲसिडिटी आहे.

गुरुवार, ७ मार्च
मेहुणा दिवसभर शिडीवर. शिडी मी धरली. दोनदा सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा तो काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदा मी म्हटलं, उकडतंय. दुसऱ्यांदा म्हटलं, जपून. लाज वाटली. खरंच वाटली.

५.५०
शेवटची केबल लावून तो खाली उतरला आणि मी फोटो बंद केले. टायमिंग अचूक. नेट सुसाट. काउंटरवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा हसला नाही. दमला असेल.

शनिवार, ९ मार्च. दुपारी १
काम दुसऱ्याला गेलं.
मोठे डॉक्टर म्हणाले, केबल बदलली आणि त्याच क्षणी नेट सुधारलं, म्हणजे आधीची केबल खराबच होती ना! वर म्हणाले, तुमचा नातेवाईक असूनही तुम्ही पहिल्याच दिवशी केबलचं नाव घेतलंत, पाठीशी घातलं नाहीत, अशी माणसं कमी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला शाबासकी.
हीच वेळ होती. मी म्हटलं, सर, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, बोला. मी म्हटलं, थँक यू.

दुपारी ४
मी त्याच्या पोटावर पाय दिला. बोलता येत नाही म्हणून लिहून ठेवतोय. आधी बायकोला सांगणार. मग डॉक्टरांना.

रविवार, १० मार्च. दुपारी २.३०
जेवताना सांगितलं. सगळं. यस, फोटो, शिडी. वाटलं, ही रडेल किंवा ओरडेल. ही म्हणाली, माहीत आहे.
मेहुण्याला मंगळवारीच कळलं होतं. पेटीत माझ्या लाइनचा दिवा सारखा लुकलुकत होता. ही त्याला म्हणाली होती, जा आणि डॉक्टरांना सरळ सांग. तर तो म्हणाला, नको ताई, भावजींची नोकरी आहे ती, ते स्वतःच सांगतील. केबलला काहीही झालं नव्हतं. मला बोलायला आणखी दोन दिवस मिळावेत म्हणून त्याने ती बदलली.
पाणी प्यालो. मग म्हटलं, पण एवढं कळलं होतं तर त्याने बोलायला हवं होतं, थोडी चूक त्याचीही आहेच.
ही उठली. माझ्यासमोरचं ताट उचलून आत घेऊन गेली. माझं जेवण व्हायचं होतं.